मातकट मफलर

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तेव्हा परगावी होतो, पण डोळ्यांदेखतच घडलं.

रानातल्या निळ्याशार तळ्याकाठी शेवंती राहायची. इवलीशी झोपडी, इवलीशी चूल आणि देवाघरी गेलेल्या आईच्या विणायच्या दोन सुया. लोकर मात्र बोटभरही नव्हती. तिचे बाबा, सोपान, तळ्यावर उतरणाऱ्या पाहुण्या पाखरांचे राखणदार. थंडी पडली आणि बाबांना खोकला जडला. ते खोकले की पाखरं भुर्रकन उडून जात. वनखात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं, रविवारपर्यंत खोकला थांबला नाही तर राखणीला दुसरा माणूस येईल.

शेवंती करंजाखाली रडत बसली. तेवढ्यात दवाच्या थेंबातून एक चिमुकली परी बाहेर आली. पंख चंदेरी, आणि काखेत लोकरीच्या गुंड्यांची टोपली. केशरी, मोरपिशी, डाळिंबी, झेंडूसारखे पिवळेधमक गुंडे. तळाशी एक मातकटही होता, पण त्याच्याकडे कोण बघतं?

बाबांसाठी मफलर वीण, परी म्हणाली, पण तिने अट घातली. रंग कुठलाही घे, वीण कुठलीही घाल. फक्त ज्याला द्यायचं त्याला काही विचारायचं नाही. निवड चुकली तर मफलर आपोआप उसवेल. संधी दोनच.

शेवंतीला पिवळा आवडला. तिने फुलाफुलांची नाजूक जाळी विणली. बाबा तो मफलर घालून तळ्यावर गेले. पिवळं बघून पाखरं बिचकली, जाळीतून वारा शिरला, बाबा खोकले, आणि टाका टाका सुटत मफलर हवेत विरून गेला.

आता शेवंती सुयांना हातच लावेना. दोन दिवस ती बाबांच्या मागे मागे फिरली. बाबा बसतात कुठे? वाळल्या गवतात. वारा लागतो कुठून? मानेमागून. पाखरं येतात कधी? बाबा दिसेनासे होतात तेव्हा.

मग तिने मातकट गुंडा मागितला.

"नीट बघ हं बाळ," परी म्हणाली, "ह्यात चमचम नाही."

"परीताई, मफलर मी थोडीच घालणार आहे?"

एक सुलट, एक उलट, वीण घट्ट, मानेमागे दुपदरी. रविवारी साहेब आले तेव्हा खोकला ऐकू येईना आणि सोपानही दिसेना. त्यांनी हाक मारली.

"इथंच आहे साहेब," गवतातून आवाज आला. "हळू बोला. मांडीवर चक्रवाक झोपलाय."

राखण बाबांकडेच राहिली. परीने शेवंतीला विचारलं, तुला स्वतःला काय हवं? काही नको, शेवंती म्हणाली. परी गोड हसली, तिच्या पंखांतून सोनेरी गुलाबी उजेड सांडला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

आता कबुली. परी खरी, लोकर खरी, चक्रवाकही खरा. शेवंतीने काही मागितलं नाही, तेवढं मात्र मी रचलं. तिने मागितलं होतं, आणखी एक मातकट गुंडा. म्हणून सांगतो, त्या तळ्यावर गेलात तर राखणदार दोघं आहेत. दिसणार एकही नाही.