उपरण्याची घडी

वाकचौरे साहेबांच्या शाळेत नोकरी टिकवायची तर एक गोष्ट पाळावीच लागे. साहेब निवडणुकीला उभे राहिले की शिक्षकांनी त्यांच्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून दारोदार हिंडायचं.

गांगुर्डे बाई बंद पडलेल्या सरकारी दवाखान्यासाठी निघालेल्या मोर्च्यात पुढे दिसल्या आणि साहेबांचं पित्त खवळलं. प्रचारफेरीला निघालेल्या शिक्षकांना त्यांनी मैदानातच थांबवलं.

"बाई, शिक्षकानं राजकारणात पडायचं नसतं. सगळ्यांसमोर कबूल करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

बाईंच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी त्या शांतपणे पुढे आल्या.

"कबूल. शिक्षकानं राजकारणात पडू नये." एवढं बोलून त्यांनी गळ्यातलं उपरणं काढलं, नीट घडी घातली आणि साहेबांच्या हातात ठेवलं.

मागून पीटीच्या सरांनी आपलं काढलं. मग रांगच लागली. साहेबांच्या हातात उपरण्यांचा ढीग झाला, आणि फाटकाबाहेर प्रचाराची जीप हॉर्न वाजवत राहिली.

"तसं राजकारण काही वाईट नसतं," साहेब पुटपुटले. "ज्याचा त्याचा हक्क आहे."

"जरा मोठ्यानं म्हणा साहेब," बाई म्हणाल्या. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."