वस्तादांच्या मुठीतला नट

“...म्हणजे आता शिकायचं काय उरलं न्हाई, असंच म्हणायचं न्हवं, वस्ताद?”

सर्जेरावानं हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला होता.

इब्राहीम वस्ताद ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गाडी चालू केलीस?”

“तुमच्यासमोर करायची म्हणून थांबलोय.”

“बरं...”

गडहिंग्लजच्या त्या भागात वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक म्हटला की लोक डोळे झाकून गाडी सोपवत. पण चेल्याला स्वतःचं गॅरेज काढायचं असेल, तर वस्तादांची एक रीत होती. त्यांच्या घरासमोर, त्यांच्याच गाडीचं इंजिन उतरवायचं आणि दुसरं चढवायचं. तेही एकट्यानं. काम मनासारखं झालं तर वस्ताद जवळ बोलावून काहीतरी हातात देत. काय देत, ते आधीच्या चेल्यांपैकी कुणीही सांगत नसे. विचारलं की गालात हसून विषय बदलत.

सर्जेरावानं आपल्या मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ओट्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला जुना पाना, दुसरं काय असणार? वस्तादांनी उभा जन्म वापरलेला. नव्या गॅरेजात तो कुठं लावायचा, ती जागाही त्यानं धरून ठेवली होती. गॅरेजची पाटी तर कधीच रंगवून झाली होती. घरात चादर टाकून उभी होती बिचारी, वस्तादांच्या ‘हो’ची वाट बघत.

काम मात्र त्यानं झकास केलं होतं, यात खोट काढायला जागा नव्हती. अंगणात तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, साखळीच्या कप्पीनं वस्तादांच्या जीपचं थकलेलं इंजिन उचललं आणि गोणपाटावर निजवलं. मग दुसरं इंजिन तसंच उचलून, तसूतसूनं खाली सोडत, जागेवर बसवलं. ना कुणाला हाक मारली, ना कुणाची मदत घेतली. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बघत होते, आणि ते बघतायत हे सर्जेरावाला चांगलंच ठाऊक होतं.

“काय उरलं का रे?” वस्तादांनी विचारलं.

“न्हाई. एक वायसर बी न्हाई. सगळं जिथल्या तिथं बसलंय.”

“बघितलंस?”

“बघायचं काय त्यात, वस्ताद? माझ्या हातानं बसवलंय.”

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला. मूठ पुढं केली आणि उघडली.

तळहातावर एक नट होता.

“मग ह्यो कुठला?”

...

सर्जेरावाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आधी त्याला राग आला, तोही वस्तादांचाच. दिवसभर राबून शेवटी एका नटावरनं परीक्षा?

“दुसऱ्या कुठल्या गाडीचा असंल,” तो म्हणाला.

“असंल की,” वस्ताद म्हणाले. “किल्ली तुझ्यापाशीच हाय. मार सेल्फ.”

सर्जेराव ताडताड गेला आणि जीपमध्ये बसला. किल्ली लावली.

हात किल्लीवर राहिला... पण ती फिरवायला मन धजेना.

वस्ताद पुन्हा सुपारी कातरायला लागले होते. त्यांचं जीपकडं लक्षही नव्हतं. त्यांनी एखादी शिवी हासडली असती तरी सर्जेरावाला बरं वाटलं असतं.

तो खाली उतरला.

आधी त्यानं इंजिनाच्या पायांचे नट तपासले. घट्ट होते. मग जीपखाली पाठ टेकून गिअरबॉक्सचे बोल्ट एकेक करून पाना लावून बघितले. एकही हलला नाही. सायलेन्सरचा पाइप, डायनामो, पाण्याचा पंप... सगळीकडं नट जागच्या जागी, जसे त्यानं आवळले होते तसेच. सर्जेरावाला पुन्हा धीर आला. आता जाऊन चांगलं सुनवायचं, असं त्यानं ठरवलं. गुरू झाले म्हणून काय झालं?

फक्त इंजिनात हवा नेणारा पाइप राहिला होता. नट शोधायला तिथं जायचं काही कारण नव्हतं, कारण तिथं नटच नव्हता. नुसती क्लिप होती.

तरी त्याचा हात तिकडं गेला. त्यानं क्लिप सैल केली आणि पाइप ओढून काढला.

आत निळा बोळा होता.

त्याच्याच जुन्या शर्टाच्या बाहीचा. इंजिन कप्पीला लटकत असताना आत माती जाऊ नये म्हणून त्यानंच तोंडाशी कोंबलेला. असा बोळा सगळेच कोंबतात. आणि पाइप चढवताना सगळेच तो आठवणीनं काढतात. सर्जेराव मात्र त्या घडीला फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होता.

सेल्फ मारला असता, तर इंजिनानं पहिल्याच ओढीला ती चिंधी आत घेतली असती. मग व्हॉल्व्ह, मग पिस्टन... पुढचं त्यानं मनात आणलं नाही. तो चाकाला टेकून खाली बसला. त्याला वस्तादांच्या जीपकडं बघायचीही लाज वाटली.

मग उठला आणि बोळा नेऊन ओट्यावर ठेवला.

“नट कुठला कमी न्हाई,” तो म्हणाला. “पण ह्यो... आत ऱ्हायला हुता.”

वस्तादांनी तो बोळा उचलून डोळ्यांजवळ नेला. उलटासुलटा करून बघितला.

“तुम्हाला दिसला हुता?” सर्जेरावानं विचारलं.

“मला? अरं, हितनं मला गाडीचा रंग दिसंना झालाय. बोळा कुठला दिसतोय?”

“मग नट कशापायी दाखवला?”

वस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“जा. आता मार सेल्फ.”

सर्जेरावानं पाइप चढवला, क्लिप आवळली. मग पुन्हा एकदा सगळ्या इंजिनावरून हात फिरवला, सावकाश, नट नसलेल्या जागांवरूनसुद्धा. फाटकाशी दोघेजण उभे होते. त्यानं तिकडं बघितलं नाही.

इंजिन एका झटक्यात चालू झालं. वस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज एका लयीत आला तशी त्यांची मान हलकेच डोलली.

आतून वस्तादांच्या बायकोनं, शरीफाचाचींनी, विचारलं, “चहा टाकू का आता?”

“टाक,” वस्ताद म्हणाले. “दोघांचा.”

हात धुऊन सर्जेराव ओट्यापाशी आला, पण वर चढला नाही. पायरीवरच बसला. चहा निम्मा संपल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

“वस्ताद... पाटी लावू न्हवं?”

“लाव की.”

सर्जेरावानं भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं.

“आन् तो पाना...”

“पाना बाजारात मिळतोय.”

...

सर्जेरावानं मान खाली घातली. वस्तादांनी त्याचा हात ओढून घेतला, तळव्यावर तो नट ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

त्यानं मूठ उघडली. नट पहिल्यांदाच त्याच्या हातात आला होता. त्यानं तो उजेडाकडं धरला. आतले आटे झिजून पार गुळगुळीत झाले होते.

“वस्ताद, ह्यो तर कुठंच बसायचा न्हाई.”

वस्तादांनी अडकित्ता उचलला.

“जपून ठेव. तुझ्या हाताखाली कुणी येईल, तवा लागंल.”