सरवडेकरांची घागर

नवरा गेल्यावर कराडच्या कुंदाताई शेंबेकरांना घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी मोबाइलवर जुन्या वस्तूंचं दुकान मांडलं. सहा महिने लोक फोटो बघायचे, 'शेवटची किंमत?' एवढंच विचारायचे आणि गडप व्हायचे. दाराची बेल काही कुणी वाजवली नाही.

वाजवली ती रणधीरराव सरवडेकरांनी. समोरच्या चहाला हात न लावता त्यांनी विक्रीच्या तांब्याच्या घागरीवर बोट ठेवलं.

"यावर आमच्या पणजोबांचं नाव कोरलंय. म्हणजे घागर आमची. मुकाट्यानं द्या, नाहीतर पोलिसांत जाईन."

"घराणं मोठं दिसतंय," कुंदाताई म्हणाल्या. "देणंघेणंही तसंच असेल?"

रणधीररावांची छाती फुगली. "विचारता काय! गावातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात पणजोबा स्वतःचं नाव घातलेली घागर आहेर द्यायचे."

"तरीच! जिच्याकडून मी ही विकत घेतली, तिच्या आजीला लग्नातच मिळाली होती. न्या खुशाल. फक्त दुकानात प्रत्येक वस्तूची हकिकत लिहावी लागते. लिहू ना, 'पणजोबांनी आहेर दिला, पणतूनं परत नेला'?"

रणधीरराव तडक उठले आणि चपला शोधू लागले.

"अहो, चहा तरी घ्या," कुंदाताई मनापासून म्हणाल्या. पण तोवर ते जिना उतरले होते.

कुंदाताईंनी दोन्ही कप एकटीनंच संपवले. घागर पुसून जागेवर ठेवताना त्यांना वाटलं, इतक्या लवकर जिंकायला नको होतं.