भिंत पुरी होईपर्यंत

त्या काळाला इतकी वर्षं लोटली, की मोजायला बसलात तर तुमची बोटं संपतील आणि शेजाऱ्याचीही संपतील. लहानांनो ऐका, थोरांनीही ऐका.

एका डोंगरी राज्यात एक राजा होता. रयतेची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी त्याने गडावरच्या जुन्या धान्यकोठाराचं सभाघर करायचं ठरवलं. तो म्हणाला, "भिंती सोनचाफ्याच्या रंगाच्या हव्यात. दुःख घेऊन आलेल्या माणसाला आत पाऊल टाकताच बरं वाटलं पाहिजे. दसऱ्याला दारं उघडू."

दरबारचा रंगारी होता सिदोजी. हात चपळ, पण मन त्याहून चपळ. त्याने दोन दिवसांत चारी भिंती रंगवून टाकल्या आणि मिशीला पीळ भरला. तिसऱ्या दिवशी रंग वाळला आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. कुठे गडद, कुठे फिका. जेवायला थांबला होता तिथे ठळक पट्टा. जुन्या चुन्याचे पोपडे नव्या रंगासकट गळून खाली पडलेले.

दसरा आठ दिवसांवर आला होता. प्रधानांनी घाईघाईने पायथ्याच्या गावातून हौसाबाईला बोलावलं. तिने रंगवलेलं घर दाखवायला लोक पाहुण्यांना मुद्दाम नेत, एवढं तिचं नाव.

हौसाबाईने भिंतीवरून तळहात फिरवला. हाताला पांढरी भुकटी लागली.

"होईल," ती म्हणाली. "पण पहिले तीन दिवस मी रंगाला शिवणार नाही."

"तीन दिवस? मग करणार काय?" प्रधान दचकले.

"खरवडणार, धुणार, भेगा बुजवणार. सुटणाऱ्या चुन्यावर रंग दिला तर तोही चुन्याबरोबर सुटतो."

सिदोजी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. हौसाबाई त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातात खरवडणी दिली. "या, सिदोजी, दोघं मिळून करू. तुमचा हात चांगला आहे. त्याला जरा सबुरी शिकवू."

तीन दिवस दोघांनी भिंती खरवडल्या. चौथ्या दिवशी हौसाबाईने चुन्यात पिवळी माती आणि डिंकाचं पाणी कालवलं आणि दाराआडच्या कोपऱ्यात वीतभर जागा रंगवली. प्रधानांनी पाहिलं आणि ते ओरडलेच, "ही तर हळद झाली! चाफा कुठाय?"

"ओला चुना खोटं बोलतो, प्रधानजी. वाळू द्या, मग खरं बोलेल."

संध्याकाळी तो तुकडा वाळला. अगदी चाफ्याची पाकळी! तेव्हा कुठे तिने चारी भिंतींना पुरेल एवढा रंग एकदाच हौदात कालवला. सिदोजीने विचारलं, "एवढा का, बाई? लागेल तसा करू की."

"दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याचा सख्खा भाऊ होत नाही, सिदोजी."

रंग ताकासारखा पातळ होता. सिदोजी पुढे पुढे भिंत पाण्याने ओलवत जाई, मागून हौसाबाईचा कुंचा फिरे. रंगाचा पहिला हात वाळला, मग दुसरा सुरू झाला. तीन भिंती झाल्या. चौथी अर्ध्यावर आली, आणि बाहेर शिंग वाजलं. राजा स्वतः पाहायला आला होता.

सगळे ताडकन उभे राहिले. हौसाबाई मात्र शिडीवर पाठमोरीच होती.

"हौसाबाई!" प्रधान दबक्या आवाजात म्हणाले. "महाराज आलेत. खाली उतर, मुजरा कर!"

राजाला पाठ दाखवणाऱ्याला गडाखाली हाकलत, हे हौसाबाईला ठाऊक होतं. पण कुंच्याखालची रंगाची कडही तिला दिसत होती, ओली, चमकणारी. आत्ता थांबलं तर ती वाळणार होती.

"महाराज," ती न वळता म्हणाली, "मुजरा करीन, पण ही भिंत कोपऱ्याला टेकल्यावर. आता हात उचलला तर इथे जन्माचा डाग राहील."

सभाघरात एकच कुजबुज उठली. राजाने हात वर करून सर्वांना गप्प केलं आणि तो दारातच उभा राहिला. एक घटका गेली. राजा हलला नाही, म्हणून कुणीच हललं नाही.

शेवटचा कोपरा भरला. हौसाबाई खाली उतरली, पदराने घाम टिपला आणि कमरेत वाकून मुजरा केला.

"भीती नाही वाटली?" राजाने विचारलं.

"वाटली, महाराज. पण आपला राग चार दिवसांत निवळला असता. बिघडलेली भिंत मी मेल्यावरही माझ्याकडे बोट दाखवत राहिली असती."

"हे सारं तुला कुणी शिकवलं?"

हौसाबाई हसली आणि ताठ मानेने म्हणाली, "माझ्या घराला चार भिंती आहेत, महाराज. चारींवर माझी एकेक चूक आहे. मी त्या मुद्दाम पुसल्या नाहीत. रोज बघते, म्हणून दुसऱ्याच्या घरी त्या होत नाहीत."

राजाने गळ्यातला हार काढून तिच्या हातात ठेवला. मग प्रधानांकडे वळून म्हणाला, "आजपासून या राज्यात हातात काम असलेल्या माणसाने माझ्यासाठी उठायचं नाही. काम पुरं होईपर्यंत मी थांबेन."

दसऱ्याला दारं उघडली. चारी भिंती एकाच चाफ्याच्या पाकळ्या असाव्यात तशा उजळल्या होत्या. गाऱ्हाणं घेऊन आलेला एक म्हातारा धनगर उंबऱ्यावरच थबकला आणि म्हणाला, "अरे वा! कुणी रंगवलं हे?"

दारापाशी उभ्या असलेल्या सिदोजीने छाती फुगवून सांगितलं, "हौसाबाईंनी. आणि त्यांच्या हाताखाली मी होतो!"

तात्पर्य: काम नीट तडीस नेणाऱ्याचा अभिमान हा गर्व नव्हे, त्याच्यापुढे राजालाही थांबावं लागतं.