किलबिल ऐकली की गोफण

वडाळवाडीत गेनू नावाचा एक भोळा राखणदार होता. सांगितलेलं काम चोख करायचा. सांगितलं तेवढंच करायचा.

सगुणाकाकूंची ज्वारी हुरड्यात आली. शेत घराला लागूनच. काकूंनी गेनूला शेतातल्या उंच माळ्यावर बसवलं, हातात गोफण दिली आणि बजावलं, "पाखरांची किलबिल ऐकू आली की गोफण फिरव."

संध्याकाळी बघतात तर बांधाकडच्या दोन ओळींची कणसं रिकामी.

"गेनू, पाखरं आली होती का रे?"

"आली होती की. चिमण्या होत्या. पण त्या चिवचिव करत होत्या. किलबिल कुणीच केली नाही."

"अरे, पुष्कळ पाखरं एकदम बोलली की त्यालाच किलबिल म्हणतात!"

"असं होय," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोपटांचा थवा उतरला. गेनू कान देऊन बसला. आणखी चार ओळी गेल्या.

"काकू, एकही बोलला नाही. तोंडात दाणा होता ना."

"आवाजाची वाट कसली बघतोस? तोंडात दाणा दिसला की हाण!"

तिसऱ्या दिवशी काकूंचे भाऊ कोंडिबामामा आले. बांधावर बसून त्यांनी हुरड्याचा बकाणा भरला. माळ्यावरून दगड सुटला. मामांचा पटका बाभळीवर जाऊन बसला.

काकू धावत आल्या. "अरे, माणसांना नाही मारायचं! गोफण फक्त किलबिलीसाठी. किलबिल होईल तिथं जायचं आणि ती बंद पाडायची. बास!"

"कुठंही झाली तरी?"

"कुठंही!"

गेनूनं दिवसभर तेवढंच घोकलं.

चौथ्या दिवशी काकूंच्या मालनला बघायला पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. मुलगाही मालनला आवडला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या.

मुलाचे वडील अंगणात मोठ्यानं म्हणाले, "घर आमचं अगदी सुनं आहे बघा. आता मालन आली की वर्षा-दोन वर्षांत किलबिल सुरू होईल."

गेनू माळ्यावरून उडी मारून अंगणात आला. पाहुण्यांना हात जोडले.

"पाव्हणं, बिलकूल काळजी करू नका. मालनताईच्या पाठोपाठ मी येतो. तुमच्या दारातच माळा बांधतो. जन्मात तुमच्या घरात किलबिल होऊ देणार नाही!"

पाहुण्यांनी टोप्या घातल्या. चहा तसाच राहिला. गाडी जुंपली गेली.

गेनू गोफण घेऊन वेशीपर्यंत गाडीमागं पळाला.

"अहो, गावाचं नाव तरी सांगा!"