खारीची नवी ढोली आणि घुशीचा दर

“नवी नवरी आहे. ती ढोली बघेल, दर कशाला बघत बसतेय?”

एका रानात, चिंचेच्या एका जुन्या झाडावर, नुकतीच लग्न होऊन आलेली एक खार सासरी राहत होती. वरचे वाक्य तिच्या कानावर पडले ते पाणवठ्यावर. बोलणारी होती साळुंकी आणि ऐकणारी घूस. दोघी झुडपापलीकडे होत्या, त्यामुळे अलीकडे पाणी पिणारी खार त्यांना दिसली नाही. दुसरी कुणी असती तर रागावली असती. ही खार कमी बोलणारी होती. तिला रागाच्या आधी प्रश्न पडत. दर म्हणजे नेमके काय, आणि तो आपण बघू नये असे साळुंकीला का वाटते, हे कुतूहल घेऊन ती घरी आली.

घर म्हणजे एकच ढोली. तिच्यात सासू, सासरे, दोन दीर, नवरा आणि ती. झोपताना कुणाची शेपटी कुणाच्या नाकाखाली येईल याचा नेम नसे; सासूबाईंना शिंक आली की सगळ्यांची झोपमोड. म्हणून नवराबायकोने शेजारच्या जांभळावर एक ढोली पाहून ठेवली होती. तिचा मालक पोपट पलीकडच्या डोंगरावर राहायला निघाला होता आणि ढोलीच्या बदल्यात चिंचोक्यांची एक रास मागत होता. एवढे चिंचोके खारींकडे नव्हते. घुशीच्या बिळात मात्र ते वर्षानुवर्षे साठत आले होते. ती ते उसने देई आणि फेड होईपर्यंत दर हंगामाला वर काही चिंचोके घेई. या वरच्या चिंचोक्यांना रानात व्याज म्हणत, आणि ते कशामागे किती घ्यायचे, त्याला दर. साळुंकी गिऱ्हाईक आणून देई आणि आपला वाटा चोचीत धरून उडून जाई.

“दहा चिंचोक्यांमागे एकच घेतेय घूसमावशी,” नवरा शेपटी फुगवून म्हणाला. “आणि साळुंकीताई म्हणाली, पौर्णिमेपर्यंत घेतलं तरच हा दर. मग संपलं.”

“आणि पुढच्या हंगामाला किती?” खारीने हळूच विचारले.

“पुढचं पुढे बघू गं. बाबांनी पुरून ठेवलेलं आहेच की.”

“आहे म्हणजे काय, पुष्कळ आहे,” सासरे म्हणाले. “शिवाय ही आपली ढोली मी तारण ठेवतोय. तुम्ही कशाला काळजी करता?”

तारण म्हणजे, फेड चुकली तर ही ढोलीसुद्धा घुशीची. ढोलीच्या काठाशी सैल झालेला कापूस सासूबाई पुन्हा पुन्हा आत सारत राहिल्या. खारीने ते पाहिले.

दुपारी ती आंब्यावरच्या पिंगळ्याकडे गेली. त्यानेही घुशीकडून चिंचोके घेऊन ढोली केली होती. पिंगळा खरे तर रात्रीचा पक्षी. पण भर उन्हात तो चिंचेखाली डोळे बारीक करून चिंचोके वेचत होता.

“काका, झोपला नाहीत?”

“झोपायला म्हणून ढोली घेतली आणि झोपच गेली बघ,” पिंगळा म्हणाला. “रात्री पोटासाठी नाकतोडे पकडायचे, दिवसा मावशीसाठी हे वेचायचे. मी चिंचोके खातसुद्धा नाही.”

“तुम्हाला दर किती लागला?”

“पहिल्या हंगामाला दहामागे एक. पुढचा म्हणे रान ठरवतं. रानात चिंचोके मुबलक, तर दर कमी. पावसाळ्यात ते दिसेनासे होतात, तेव्हा दहामागे चार.”

“म्हणजे आपल्याकडे नसतात तेव्हाच जास्त द्यायचे?”

“हे तेव्हा मला कुठे सुचलं?” पिंगळा म्हणाला. “मी ढोलीत ऊन येतं का तेच बघत होतो.”

परत आल्यावर ती सासऱ्यांजवळ जाऊन बसली. “बाबा, आपलं पुरलेलं दाखवा ना मला.” मुलांनो, खारींचा एक स्वभाव आहे. पुरलेले सगळे त्या हिशेबात धरतात आणि कुठे पुरले ते विसरून जातात. सासऱ्यांनी एक जागा उकरली, दुसरी उकरली; दोन्ही रिकाम्या. तिसऱ्या जागी ते थबकले. तिथे गेल्या पावसात उगवलेली, वीतभर उंचीची चिंचेची रोपे उभी होती. म्हातारबुवा त्यांच्या पानांना नाक लावून बराच वेळ पाहत राहिले.

“छान वाढलीत,” ते शेवटी म्हणाले.

खार हसली नाही. “यांना चिंचा कधी धरतील, बाबा?”

“तुझ्या नातवंडांना मिळतील,” सासरे म्हणाले. घरी जाताना वाटेत पोपट भेटला, तेव्हा खारीने त्यालाही एक प्रश्न विचारून घेतला.

संध्याकाळी घुशीच्या बिळापाशी सगळे जमले. रानाचा रिवाज असा, की ठरलेले झाडाच्या सालीवर कुरतडायचे आणि ढोलीत राहणाऱ्या दोघांनीही त्याखाली दात उमटवायचे. नवऱ्याने उत्साहाने आपले उमटवले. साल खारीपुढे सरकली.

“उमटव गं,” घूस मायेने म्हणाली. “लाजतेस काय?”

खारीने साल वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली. “मावशी, यावर पहिल्याच हंगामाचा दर आहे. पावसाळ्याचा कुठे आहे?”

“तो रान ठरवतं, बाळ. माझ्या हातात काय आहे?”

“मग रानाचेही दात घ्या खाली,” सासूबाई एकदम म्हणाल्या. त्या बोलल्या याचे सगळ्यांत जास्त नवल सासऱ्यांना वाटले.

खारीला जरा धीर आला. “आम्हाला अर्धीच रास द्या,” ती म्हणाली. “बाकीची आम्ही झाडाला चिंचा आहेत तोवर वेचून पोपटाला देऊ. पाऊस लागेपर्यंत थांबायला तो तयार आहे, मी विचारून आले. अर्ध्या राशीला नवी ढोली एकटीच तारण पुरे. आईंची ढोली यात नको. आणि दर सगळ्या हंगामांना एकच.”

“एकच हवा तर दहामागे दोन पडतील,” घूस म्हणाली. “महाग जाईल हो तुला.”

“पावसाळ्यातही दोनच ना?”

“दोनच,” घुशीला म्हणावे लागले.

नवऱ्याने बोटांवर मोजत हिशेब केला. अर्ध्या राशीवरचे एवढे व्याज भर पावसातही वेचता येण्याजोगे होते. त्याने बायकोकडे पाहिले, आपले दात उमटलेली साल उचलली आणि मुकाट्याने कुरतडून टाकली. मग स्वतःच जाऊन नवी साल काढून आणली. घुशीने तिच्यावर नवा दर कोरला.

साळुंकीचा वाटाही आता अर्धा झाला होता. “आजवर कुणी एवढं विचारलं नाही हो,” ती पंख झटकत कुरकुरली. “नवी नवरी ना तू? ढोली बघायची सोडून हे काय घेऊन बसलीस?”

खारीने नवी साल एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि दात टेकवण्याआधी मान वर केली.

“ढोली बघून झाली, साळुंकीताई,” ती म्हणाली. “आता दर बघतेय.”

तात्पर्य : कर्जाचा आजचा दर ऐकून हुरळू नये, तो उद्या किती होईल हे आधी विचारावे, आणि टंचाईच्या दिवसांतही फेडता येईल एवढेच कर्ज घ्यावे.