शेवाळ कोंबलेली घंटा

डोंगराच्या पार वरच्या टोकाला, जिथे ढग विसाव्याला टेकतात, तिथल्या एका गावात येसू नावाची मुलगी राहायची. तिचे वडील घंटा ओतायचे. चालता येऊ लागलं तेव्हापासून तिला एकच नियम सांगितला गेला होता: माणसाची घंटा एकदाच ओतायची. का, ते कधी विचारायचं नाही.

त्या गावात वर्षातले नऊ महिने ढग उतरलेले असत. ते अंगणातून, ओसरीवरून, कधी कधी जेवणाच्या ताटावरूनही सावकाश वाहत जात. हातभर अंतरावरचा माणूस दिसायचा नाही, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला घंटा असे. मूल बारा वर्षांचं झालं की गावचे पाच पंच त्याचा स्वभाव ठरवत आणि येसूचे वडील त्या स्वभावाचा आवाज काशात ओतत. शांत माणसाची घंटा पाण्यावर थेंब पडावा तशी वाजे. तापट माणसाची खणखणीत. चोराची फुटक्या मडक्यासारखी, ठद्द ठद्द. ढगातून आवाज आला की लोक ठरवत, हाक मारायची की कडी लावायची.

लिंबाजीची घंटा ठद्द वाजायची. बाराव्या वर्षी त्याने देवळातलं मधाचं बोळकं पळवलं होतं. आता तो पन्नाशीला आला होता. मधल्या वर्षांत त्याने काही चोरल्याचं कुणालाही आठवत नव्हतं. "अजून सापडला नाही, एवढंच," असं म्हणून बायका ओसरीवरची भांडी आत नेत. लहानपणी येसूनेही तो आवाज ऐकून धावत जाऊन दार लावलं होतं.

पुढे वडिलांचे हात कापू लागले आणि भट्टी येसूकडे आली. त्याच वर्षी मैनी हरवली.

मैनीला बारावं पूर्ण व्हायला आठ दिवस होते, त्यामुळे तिच्या कमरेला अजून घंटा नव्हती. दुपारी शेळीमागे गेली आणि ढगात वाट चुकली. सगळा गाव तिला शोधायला धावला. शंभर घंटा एकदम वाजू लागल्या. त्या कल्लोळात एका मुलीची हाक कुणाला ऐकू येणार!

दिवस मावळायच्या आत ढगातून दोघं चालत आली. कसलाच आवाज नव्हता. मैनीचा हात लिंबाजीच्या हातात होता आणि त्याच्या घंटेत गच्च शेवाळ कोंबलेलं होतं.

"घंटा मुकी केलीस?" पंचांतले थोरले आबा कडाडले. त्यांची घंटा शांत स्वभावाची होती. ते थरथरत ओरडत होते आणि ती आपली टिप टिप, मंजुळ वाजत होती. "चोर घंटा मुकी कशाला करतो, ते आम्हाला कळत नाही होय रे?"

"आबा, पोर कड्याशी उभी होती," लिंबाजी म्हणाला. "माझा आवाज ऐकला की मागे सरकायची. आणखी थोडी सरकली असती तर... म्हणून कोंबलं शेवाळ."

"तूच नेलं असशील तिला तिथं," पंचांतल्या काकू म्हणाल्या.

"नाही हो काकू! मी चुकले होते, यांनी मला आणलं," मैनी म्हणाली. "आणि येताना माकडाची गोष्टसुद्धा सांगितली."

पंचांनी एकमेकांशी कुजबुज केली. चोर बदलत नाही. मग त्याने मुलीला वाचवलं, हे खरं असूच शकत नाही. आणि ते खरं नसेल, तर मुलगी खोटं बोलते.

"ठरलं," आबा म्हणाले. "हिची घंटा लबाडाची. येसू, आठ दिवसांनी ओत."

मैनीला काही कळलं नाही. ती अजून माकडाच्या गोष्टीतच होती.

दुसऱ्या दिवशी येसू एकटीच कड्यावर गेली. ढग पायाशी दुधासारखे साचले होते. ओल्या मातीत छोट्या पावलांच्या खुणा कड्याकडे उलट्या सरकत गेल्या होत्या आणि वीतभर अलीकडे थांबल्या होत्या. मोठी पावलं त्यांच्यापाशी जाण्याआधी बरीच लांब थबकली होती. तिथल्या खडकावरचं शेवाळ ओरबाडून काढलेलं होतं. आपण लहानपणी लावलेलं ते दार तिला आठवत राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. मुशीत कांसं वितळलं, त्याचा केशरी उजेड ढगात पसरला. साचा तयार होता. मैनी नवा परकर घालून बसली होती.

"आबा, ओतण्याआधी एक विचारते," येसू म्हणाली.

"नियम ठाऊक आहे ना तुला?"

"पाठ आहे. लिंबाजीकाकांनी काय केलं असतं, म्हणजे तुम्ही त्यांना चांगलं म्हटलं असतं?"

आबा गडबडले. "त्याने... तो काही का करेना!"

"म्हणजे काहीही केलं तरी नाही. मुलगी आणली तर त्यांनीच पळवली. नसती आणली, तर तुम्ही म्हणाला असतात, मजा बघत बसला."

"फार शिंगं फुटलीत हिला," काकू म्हणाल्या. "बापाने कधी तोंड वर केलं नाही!"

"बाबांनी विचारलं नाही, म्हणून मला विचारावं लागतंय. पन्नास वर्षांच्या माणसाचं आजचं काम तुम्हाला दिसत नाही, आणि या बारा वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य दिसतं? मी ही घंटा ओतणार नाही. लबाडाची नाही, गुणाचीही नाही."

"मग ढगात हिला ओळखायचं कसं?" आबांनी विचारलं.

"जवळ जायचं आणि विचारायचं, बाई, कशी आहेस?"

तिने चिमटा खाली ठेवला. गावात घंटा ओतता येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे पाचही पंचांना माहीत होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुशीतलं कांसं हळूहळू निवत गेलं.

तात्पर्य एवढंच: माणूस बदलत नाही असं एकदा धरून बसलं, की त्याचा चांगुलपणाही आपल्याला गुन्हाच वाटतो.